नवरीच्या पापण्या आणि उजळपणाची ट्यूब: पार्लरनं यात पडावं का?

कृष्णाकाठ, सांगली
भाचीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे. पार्लरच्या पॅकेजात तिला तीन गोष्टी सुचवल्या: पापण्यांचं एक्स्टेन्शन (मूळ पापण्यांवर गोंदानं खोटे धागे चिकटवणं), पापण्या वाढवायचं सीरम आणि रात्री चेहऱ्याला लावायची एक ट्यूब. पैसे भरायच्या आधी आम्ही मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं.

त्यांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. पहिलं स्टेरॉइड. शेजारी उभी लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध. वांगासाठी डॉक्टर ते मोजके आठवडे, नजरेखाली देतात. भाचीला वांग नाहीच! हे मिश्रण लावलं की सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून बायका महिनोन्‌महिने लावत राहतात. मग कातडी पातळ होते, लाली, पुरळ, बारीक लव येते आणि एकदम बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा जळतो. जी आधीपासून लावतेय तिनंही मनानं बंद करू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडावं, असंही ते म्हणाले.

माझं मत स्पष्ट आहे. फेशियल, थ्रेडिंग, मेकअप पार्लरनं जरूर करावं. औषध आणि डोळ्याच्या कडेचं काम करू नये.

पार्लरताई, मिरज
ताई, ट्यूबबद्दल पूर्ण सहमत. माझ्याकडे असली ट्यूब मिळणार नाही. पण एक्स्टेन्शनला त्याच माळेत ओवू नका. मी रीतसर कोर्स केलाय. दोन चिमटे घेऊन एकेक पापणी सुटी करायची आणि तिच्यावर एकच धागा बसवायचा, मुळापासून थोडं अंतर सोडून. गोंद कातडीला लागता कामा नये. खालच्या पापण्यांवर जेलची पट्टी, डोळे पूर्ण मिटलेले. दोन दिवस आधी कानामागे गोंदाचा ठिपका लावून बघते. दीड-दोन तास मान मोडून काम करते. आमच्या पोटावर पाय येईल असं सरसकट लिहू नका.

कृष्णाकाठ, सांगली
तुम्ही काळजी घेता हे दिसतंय. तरी डॉक्टरांनी सांगितलेलं लिहिते. तो गोंद सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे सुपरग्लूच्या जातीचा. काही गोंदांतून फॉर्मल्डिहाइड नावाचं त्रासदायक रसायन सुटतं आणि डोळे लाल होतात, पापण्या सुजतात. कानामागचा ठिपका त्या दिवसापुरतं सांगतो. अ‍ॅलर्जी दोन-चार वेळा लावल्यावरही उपटू शकते. आणि धागे निघतील या भीतीनं मुली डोळे धूतच नाहीत, मग कडेला कोंडा-घाण साचून पापण्यांच्या मुळाशी दाह होतो. जड धाग्यांच्या ओढीनं मूळच्या पापण्या गळतात ते वेगळंच.

औषधवाला, विटा
दुकानात बसणाऱ्याची बाजू ऐका. २०१८ साली केंद्रानं १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत टाकली, हे आम्हाला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक नाव घेऊनच येतं. "मागच्या वेळी हीच दिली होती की" म्हणून हुज्जत घालतं. नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातं. मी देत नाही, पण दोष एकट्या पार्लरचा किंवा केमिस्टचा नाही. गोरीच सून पाहिजे म्हणणाऱ्यांनाही बोला.

तासगावची सून
सगळं बरोबर, पण डॉक्टरांना देव करू नका. मी द्राक्षबागेत उन्हात काम करते, गालावर वांग आहे. एका स्किन क्लिनिकमध्ये गेले तर तपासायच्या आधी लेसरचं पॅकेज पुढं केलं. आपल्या सावळ्या कातडीवर लेसर चुकला तर डाग उलट काळे पडतात, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी लिहून दिलं सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायला, आणि डोक्याला-तोंडाला स्कार्फ. तासगावहून जाण्यायेण्यात अर्धा दिवस आणि मजुरी जाते. पार्लर गल्लीत आहे, म्हणून बाई तिथंच विचारते. तिला नावं ठेवण्याआधी हे बघा.

कृष्णाकाठ, सांगली
हे मात्र पटलं. पदवी आहे म्हणून विकायचा मोह सुटतो असं नाही. पण म्हणून ट्यूब पार्लरमधून घ्यायची का? अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला, ही २०२३ मधली बातमी आहे. बिननावाच्या, बिनपत्त्याच्या डबीत काय आहे ते विकणारीलाही माहीत नसतं.

नवरी स्वतः
मावशीनं ही चर्चा पाठवली म्हणून लिहितेय. ट्यूब आणली तशी परत केली. सीरमही नको, कारण डॉक्टरांनी नीट समजावलं. पापण्या वाढवायचं औषध बायमॅटोप्रोस्ट, हे मूळ काचबिंदूचे थेंब. ते घालणाऱ्यांच्या पापण्या लांब होतात असं दिसलं, म्हणून २००८ साली अमेरिकेत खास पापण्यांसाठी मान्यता मिळाली. पूर्ण परिणामाला चारेक महिने लागतात आणि थांबवलं की पापण्या पुन्हा पहिल्यासारख्या. शिवाय पापणीची कातडी काळवंडू शकते, डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात, बुबुळाचा रंग गडद झाला तर तो बहुधा कायमचा. बाजारातल्या काही सीरममध्ये क्लोप्रोस्टेनेट नावाचा त्याच कुळातला घटक असतो, तो डबीवर शोधायला शिकले. पण लांब पापण्या मला हव्या आहेत आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हळदी आणि रिसेप्शन, दोन्ही वेळेला पट्टीच्या खोट्या पापण्या लावणार आणि रात्री काढून टाकणार.

पार्लरताई, मिरज
पट्टीच्या पापण्यांनाही गोंद लागतोच. त्यात लेटेक्स, म्हणजे फुग्यातलं रबर असतं बऱ्याचदा. फुगा फुगवताना ओठ खाजतात का, ते बघ आधी. काढताना ओढू नको, तेलकट क्लीन्झरनं भिजवून सोडव. आणि कृष्णाकाठ ताई, पार्लरनं डोळ्याच्या कडेचं काम करूच नये, या तुमच्या मताशी मी अजूनही सहमत नाही. मनाई केली तर हेच काम घराघरांत, शिकल्याशिवाय होईल. आमच्यासाठी परवाना आणि तपासणी मागा, आम्ही पहिल्या रांगेत उभ्या राहू.

कृष्णाकाठ, सांगली
परवाना येईल तेव्हा मत बदलेन. तोवर डोळ्याच्या कडेला गोंद नको, हेच माझं म्हणणं.