ज्युडा मॅग्नेस यांना 'भाबडे' ठरवण्यापूर्वी

शारदा_ठाणे
जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या इतिहासावरील धाग्यात परवा एका सदस्याने त्याच्या पहिल्या प्रमुखांविषयी लिहिले की, 'मॅग्नेस हे भाबडे रब्बी (ज्यू धर्मगुरू) होते. विद्यापीठ त्यांना धनिकांच्या ओळखीवर मिळाले आणि त्यांनी त्याचे प्रवचनपीठ केले.' हे वाचून राहवले नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत १८७७ साली जन्मलेले, सिनसिनाटीत रब्बी झालेले आणि हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळवलेले मॅग्नेस न्यूयॉर्कच्या टेम्पल एमानु-एल या अत्यंत संपन्न सिनेगॉगचे (ज्यू प्रार्थनामंदिराचे) रब्बी होते. तेथील उपासना परंपरेपासून फार दूर गेली आहे, असे त्यांनी त्याच सभासदांना स्पष्ट सांगितले आणि १९१० मध्ये ते पद सोडले. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा त्यांनी उघडपणे युद्धाला विरोध केला आणि आयुष्यभर जोडलेली माणसे दुरावली. १ एप्रिल १९२५ रोजी जेरुसलेममधील माउंट स्कोपस या टेकडीवर ब्रिटिश राजकारणी बाल्फोर यांच्या उपस्थितीत हिब्रू विद्यापीठ सुरू झाले, ते याच माणसाच्या हाती. पॅलेस्टाईनमधील १९२९ च्या ज्यू-अरब दंगलींना काही आठवडेच उलटले होते, लोकांच्या घरात सुतक होते, आणि तरीही नोव्हेंबरमध्ये वर्षारंभाच्या भाषणात त्यांनी अरबांशी समेटाचा विषय काढला. श्रोत्यांतून आरडाओरडा झाला. किंमत ठाऊक असूनही बोलणाऱ्याला भाबडा म्हणत नाहीत.

निवृत्त_प्राध्यापक
ताई, ते टिपण माझेच होते आणि त्यातील शब्द मी मागे घेत नाही. सिनेगॉग सोडल्याची कथा आपण सांगितली. आइन्स्टाईन यांनी विद्यापीठाची समिती का सोडली, ते मात्र गाळले. १९२१ मध्ये झायोनिस्ट (ज्यू राष्ट्रवादी) नेते वाइझमन यांच्यासोबत अमेरिकाभर फिरून या विद्यापीठासाठी निधी मागणारा आणि १९२३ मध्ये माउंट स्कोपसवर व्याख्यान देणारा तो शास्त्रज्ञ १९२८ मध्ये कारभारातून बाहेर पडला, कारण संशोधनाची समज नसलेल्या माणसाच्या हाती सर्व सूत्रे आहेत आणि ती अमेरिकन देणगीदारांच्या बळावर आहेत, असे त्याचे ठाम मत झाले होते.

हा माझ्यासाठी पुस्तकी विषय नाही. मी जेथे शिकवत होतो, त्या विद्यापीठात एका देणगीदाराच्या इच्छेखातर अध्यासन निर्माण झाले. निवड समितीवर कोण बसणार हेही त्यांच्याच दिवाणखान्यात ठरले आणि आमच्या विभागातील रिक्त जागा मी निवृत्त होईपर्यंत भरली गेली नाही. म्हणून वक्तृत्व आणि निधीसंकलन यांच्या जोरावर कुलप्रमुख झालेल्यांविषयी मला यत्किंचितही ममत्व नाही.

केदार_मिरज
प्राध्यापक महाशय, आपल्या विभागातील जागेचा राग आपण जेरुसलेमच्या माणसावर काढत आहात. माझा आक्षेप वेगळा आहे. १९४२ मध्ये तत्त्वज्ञ बूबर आणि समाजसेविका हेन्रिएटा सोल्ड यांच्यासह 'इहुद' ही संघटना स्थापून मॅग्नेस ज्यू व अरब यांच्या समान अधिकारांचे एकच राज्य मागत राहिले. १९४६ मध्ये पॅलेस्टाईनच्या प्रश्नावरील अँग्लो-अमेरिकन समितीपुढेही त्यांनी तेच मांडले. समोरून हात पुढे करणारा होता कोण? अरब नेते फौझी दर्विश अल-हुसेनी यांनी नोव्हेंबर १९४६ मध्ये या विचाराच्या ज्यू गटाशी करार केला आणि त्याच महिन्यात त्यांचा खून झाला. १३ एप्रिल १९४८ रोजी स्कोपसकडे जाणाऱ्या वैद्यकीय ताफ्यावरील हल्ल्यात ७८ माणसे मारली गेली. त्यांत डॉक्टर, परिचारिका आणि विद्यापीठातीलच कर्मचारी होते. स्वतःच्या लोकांची प्रेते समोर असताना विद्यापीठाच्या अध्यक्षाने समेट सांगत राहावे, हे मला बेजबाबदार वाटते.

शारदा_ठाणे
केदार, अल-हुसेनींच्या खुनाने मार्ग खोटा ठरत नाही. त्या मार्गाने जाणाऱ्यांना दोन्हीकडून किती धोका होता, ते कळते. आणि मॅग्नेस यांना हिंसेची ओळख नव्हती, असे म्हणू नये. गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रह सुचवला, तेव्हा फेब्रुवारी १९३९ मध्ये उत्तर लिहिणाऱ्यांत बूबर यांच्यासोबत मॅग्नेसही होते. हिटलरच्या राज्यात सत्याग्रह करायचा कसा, हे आम्हाला सांगा, असे त्यांनी विचारले आणि हिटलरशी युद्ध झाले तर आपली युद्धविरोधी भूमिका टिकेल का, हा प्रश्न स्वतःलाही विचारला. भाबडा माणूस गांधीजींच्या वाक्यावर मान डोलावून मोकळा झाला असता.

रेवदंडा_ते_अश्दोद
मी बेने इस्रायल (कोकणातील ज्यू) आहे आणि रब्बींच्या थोरवीचे धागे वाचले की मन कडवट होते. माझ्या आजीच्या पिढीला इस्रायलमध्ये लग्नासाठी पूर्वजांची चौकशी सोसावी लागली. १९६४ मध्ये आंदोलन झाले तेव्हा कुठे सरकार आणि क्नेसेट (इस्रायलची संसद) हलले.

शारदा_ठाणे
आपला संताप रास्त आहे. परंतु चौकशीचे ते आदेश मुख्य रब्बीनेटचे (इस्रायलमधील अधिकृत धर्मसत्तेचे) होते. मॅग्नेस १९४८ मध्येच वारले होते, आणि ज्यू धर्मातील ज्या सुधारणावादी रिफॉर्म शाखेत त्यांना रब्बीपद मिळाले, तिच्या रब्बींना तेच रब्बीनेट मानत नाही.

निवृत्त_प्राध्यापक
चर्चा पुन्हा विद्यापीठावर आणतो. आइन्स्टाईन एकटे नव्हते. १९३३-३४ मध्ये सर फिलिप हार्टोग यांची चौकशी समिती नेमावी लागली. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि आपल्याकडील १९२९ च्या शिक्षण अहवालाचे कर्ते, तेच हे हार्टोग. त्यानंतर १९३५ मध्ये मॅग्नेस यांना अध्यक्षपद देऊन शैक्षणिक सूत्रे रेक्टर म्हणून ह्यूगो बर्गमान यांच्याकडे सोपवण्यात आली. चांगला प्रशासक असता, तर हे घडले असते का?

शारदा_ठाणे
नसते घडले, हे मान्य. पण ज्या देणग्यांचा आपल्याला इतका राग आहे, त्या कोणाच्या होत्या? फेलिक्स वॉरबर्ग यांच्यासारखी झायोनिस्ट नेतृत्वाच्या मुठीत नसलेली माणसे मॅग्नेस यांच्यावरील विश्वासाने पैसे देत होती. तो आधार नसता, तर १९२९ च्या भाषणानंतर ते पदावर राहिलेच नसते. आपण ज्याला दोष म्हणता आणि मी ज्याला धैर्य म्हणते, त्या दोघांना पोसणारा पैसा एकच होता.

केदार_मिरज
हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तरीही धैर्य सिद्ध झाले म्हणून धोरण योग्य ठरत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याच बाजूने सांगतो, म्हणजे मी पक्षपात करतो असे कोणी म्हणू नये: शेवटच्या आजारपणात, पॅलेस्टिनी निर्वासितांना मदत मिळत नाही म्हणून त्यांनी जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी या अमेरिकन ज्यू मदतसंस्थेशी असलेला जुना संबंध तोडला. त्या निर्णयाला मी नाव ठेवू शकत नाही.

निवृत्त_प्राध्यापक
ठीक आहे, 'भाबडे' हा शब्द वगळतो. 'प्रवचनपीठ' मात्र राहील. कारण १९३२ मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता अध्यासनावर बेंटविच यांचे पहिलेच व्याख्यान विद्यार्थ्यांनी उधळले, तेव्हा शांततेवरच्या त्या व्याख्यानासाठी मॅग्नेस यांना ब्रिटिश पोलीस बोलवावे लागले होते. त्यावर आपण अजून उत्तर दिलेले नाही.