यंत्रं घेतली की कंपन्या येतात?
'विद्यापीठांनी चिप बनवायची महागडी यंत्रं घ्यावीत, कंपन्या आपोआप येतील' हा मुद्दा अर्धाच खरा. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या नॅनो महाविद्यालयाची (स्थापना २००४) खरी ओढ म्हणजे ३०० मिमी वेफरची (ज्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकतीची) लाइन. आधुनिक चिप-कारखान्यांत हाच आकार चालतो. १०० मिमीच्या वेफरवर बसवलेली एचिंगची (थर कोरून काढण्याची) रेसिपी तिथे जशीच्या तशी चालत नाही. वेफरच्या मध्यभागी आणि कडेला कोरीव भागाची खोली वेगवेगळी येते, म्हणून गॅसप्रवाह, दाब, पॉवर सगळं पुन्हा जुळवावं लागतं. विद्यार्थी त्याच यंत्रांवर शिकले की नोकरीत त्यांना पहिल्यापासून शिकवावं लागत नाही.

गाडी अडते ती देखभालीत. क्लीनरूमची (धूळमुक्त खोलीची) हवा, शुद्ध पाणी, व्हॅक्यूम पंप रात्रंदिवस चालू हवेत. निधी मात्र बहुधा खरेदीपुरताच. पूर्णवेळ तंत्रज्ञ नसेल तर यंत्र बंद, पीएचडीही रखडलेली. कंपन्यांकडून तासावर वापरशुल्क घेतलं तर थोडाफार खर्च निघतो.