हेडलाइटच्या वायरवरून करंट घेऊ नका
थारला पुढे 55 वॉटचे दोन हॅलोजन लावायचेत, करंट हेडलाइटच्या वायरमधूनच घेतला तर चालेल का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको. दोन्ही मिळून 110 वॉट, म्हणजे 12 व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. एवढा जादा लोड घेतला की आधी वायर तापते, मग कनेक्टर वितळतो.

बॅटरीपासून 2.5 स्क्वेअर एमएमची वेगळी वायर ओढा आणि 15 अँपिअरचा फ्यूज टर्मिनलपासून वीतभरातच बसवा. तिथून रिलेच्या (स्विचच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) 30 नंबरच्या पिनला, 87 वरून दिव्यांना, 86 ला डॅशबोर्डचा स्विच, 85 अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला.

जुलैत इगतपुरी-त्र्यंबककडे जाणार असाल, तर रिले पिना खाली करून लावा, पाणी साचत नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रिंग, हवाच. नुसत्या भोकाच्या कडेला घासून शॉर्ट होतो. अर्थच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा करा. बरेच वायरमन जोडावर टेप गुंडाळून मोकळे होतात, म्हणून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) खिशात घेऊन जा आणि समोर उभं राहून काम करून घ्या.

विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारी मोटर) या लाइनवर चुकूनही नको. तिला ओढताना शेकडो अँपिअर लागतात, तिची जाड केबल थेट बॅटरीवरूनच.