अनुभव धागा : जुना फ्लॅट आणि सह्या कुणाकुणाच्या?

जुन्या फ्लॅटचा व्यवहार किमतीवर जितका अडतो, त्याहून जास्त सहीवर अडतो. कागदावर नाव एकाचं, राहतो दुसरा आणि हक्क चौघांचा. महाराष्ट्रात असा फ्लॅट ज्यांनी घेतला किंवा विकला, त्यांनी इथे सविस्तर लिहावं. नेमका कुठला कागद मागितला आणि तो कसा मिळवला, हे आलं तर फार बरं. वकील तर करायचाच, पण त्याच्यापुढे काय ठेवायचं हे आधी ठाऊक असलं की बरीच धावपळ वाचते. सुरुवात मीच करते.

वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, ते शेअर सर्टिफिकेटवर चढलं आणि घर आता तिचंच, असं नात्यात सगळे धरून चालले. खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "बाकीचे वारस कोण?" नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा, मालकी ठरते ती वारसा कायद्याने. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या घरात त्याची बायको, मुलगे, मुली (लग्न झालेल्यासुद्धा) आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. यातली आई कुणाच्या ध्यानातच येत नाही. आमची आजी हयात होती, म्हणजे तिचा वाटा माझ्या आईइतकाच.

आजी, भाऊ आणि मी, तिघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं आणि ते नोंदवलं. स्टॅम्पपेपरवर लिहून नुसती नोटरी केली तर घरातला हक्क सुटत नाही, दस्त नोंदणीकृतच लागतो. मसुदा मी आजीला ओळ न् ओळ वाचून दाखवला. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा "इथे लाव" म्हणून घेणं मला साफ नामंजूर आहे. तिने दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, मग सही केली.

* * *

ताई, आजींना नोंदणी कार्यालयापर्यंत जाता आलं हे बरं झालं. आमच्या मामी अंथरुणाला खिळलेल्या. सबळ कारण दाखवून अर्ज केला की दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारे अधिकारी) घरी येऊन नोंदणी करू शकतात. आम्ही डॉक्टरांचा दाखला जोडला होता. शिवाय सगळ्यांनी एकाच दिवशी हजर राहायला हवं असंही नाही. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला सादर व्हायला हवा, त्या मुदतीत वेगवेगळ्या दिवशी येऊन सहीची कबुली देता येते.

* * *

मी खरेदीदाराच्या बाजूने लिहितो. दोन भावांचा फ्लॅट, धाकटा परदेशात, त्याचं मुखत्यारपत्र (त्याच्या वतीने सही करायचा अधिकार, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) थोरल्याकडे. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं होतं, पण परदेशात झालेल्या अशा कागदावर, तो कागद भारतात आल्यापासून ३ महिन्यांत, इथलं मुद्रांक शुल्क (स्टॅम्प ड्युटी) भरावं लागतं. आमच्या वकीलबाईंनी आधी तीच तारीख तपासली. नंतर म्हणाल्या, नोंदणीच्या दिवशी धाकट्या भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या. कारण साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. मला तेव्हा हे अवघडल्यासारखं वाटलं, पण त्या भावाने उलट आभार मानले.

नुसत्या मुखत्यारपत्रावर घर "विकत घेतलं" म्हणणारे अजूनही भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितलंय की त्याने मालकी मिळत नाही. आणि विक्रेता अनिवासी (एनआरआय) असेल तर १ टक्का टीडीएसचा, म्हणजे खरेदीदाराने किमतीतून कर कापून सरकारकडे भरायचा, नियम त्याला लागू नाही, कपात जास्त असते. कमी कपातीचा दाखला त्याने आयकर खात्याकडून आधीच आणावा, नाहीतर पैसे विवरणपत्र भरेपर्यंत अडकतात.

* * *

माझं थोडं वेगळं आहे. नवरा अचानक गेला तेव्हा मुलं शाळेत होती. घर विकून माहेरच्या गावी जायचं होतं. मी आई आहे, मुलांच्या वतीने सही माझीच, असं मला सगळ्यांनी सांगितलं. पण अज्ञानाच्या, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाच्या, नावचा स्थावर मालमत्तेतला हिस्सा विकायला नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची परवानगी लागते, असं १९५६ चाच हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. परवानगीशिवाय विकलं तर मूल सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून मागू शकतं. म्हणून जाणता खरेदीदार असं घर घेत नाही.

अर्जात विक्रीची गरज आणि मुलांचं हित दोन्ही दाखवावं लागलं. मुलांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या नावे मुदत ठेवीत ठेवायचा आदेश झाला. वेळ गेला, आणि त्या दिवसांत प्रत्येक चकरेला रडू यायचं. तरी आज मी कुणालाही सांगेन, ही पायरी गाळू नका. ज्या कुटुंबाने आमचं घर घेतलं ते थांबून राहिले, याचं मोल मला कळतं.

* * *

सोसायटीबद्दल एवढंच : हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम) २५ हजार रुपयांच्या वर घेता येत नाही. जास्तीची "देणगी" मागितली तर मागणी लेखी द्या म्हणायचं.

* * *

आम्ही नवरा-बायको खरेदीदार, विकणारी तीन भावंडं. टीडीएस कधी कापायचा याची ५० लाखांची मर्यादा घराच्या एकूण किमतीवर मोजतात, प्रत्येकाच्या वाट्यावर नाही. आणि आमच्या वेळी प्रत्येक खरेदीदार-विक्रेता जोडीचा फॉर्म वेगळा होता, म्हणजे आमचे सहा झाले. विक्रेत्यांना ही कपात करारातच लिहून दाखवा, ऐन वेळी कुणाला वाटायला नको की पैसे कमी आले.

* * *

विकणाऱ्यांसाठी. कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कर्ज घेताना मिळालेली कागदपत्रांची यादी मी जपून ठेवली होती, तीच समोर ठेवून एकेक कागद मोजून घेतला. बिल्डरबरोबरचा पहिला करारनामा गठ्ठ्यात नव्हता. लेखी अर्ज दिल्यावर तो दुसऱ्या शाखेतून आला, आणि त्यानंतरच आम्ही नोंदणीची तारीख घेतली.