लाइन जाम कुणी केली? पुणेकरांनी म्हणे!

सिंहगडरोडी
परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरत आली. म्हणे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये रुग्णवाहिकेचे आणि बेडचे फोन लागत नव्हते, याला पुणेकरच जबाबदार. शिंक आली की फोन, रेमडेसिवीर कुठे मिळेल म्हणून फोन, रिपोर्ट कधी येणार म्हणून फोन. पुढच्या साथीत 'विनाकारण' फोन करणाऱ्याला पाचशे रुपये दंड लावा. खाली अंगठेच अंगठे. तिथे उत्तर दिलं असतं तर अॅडमिननं उडवलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

विनाकारण कुठलं, हे ठरवणार कोण? या आजारात ऑक्सिजन ८५ वर आलेला माणूस खुर्चीत बसून पेपर वाचत असायचा. घरात ऑक्सिमीटर नसेल तर बायकोला एवढंच जाणवायचं, 'आज हे जरा गप्प आहेत'. ती फोन करेल की दंडाला भिईल?

आणि गणित बघा. दहा जण फोन घेतायत, एकेका फोनला तीन मिनिटं, म्हणजे तासाला फार तर २०० फोन. १६० येतात तोवर कुणाला फारसं थांबावं लागत नाही. २२० यायला लागले की दर तासाला २० जण लोंबकळत राहतात. ते काय गप्प बसतात? पुन्हा लावतात. बाप एका मोबाइलवरून, मुलगी दुसऱ्यावरून, भाऊ ऑफिसातून. पेशंट एक, फोन सहा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लोक पिसाळलेत. पहिलाच फोन उचलून नंबर लिहून घ्या, 'वीस मिनिटांत आम्ही करतो' म्हणा आणि खरंच करा. निम्मी गर्दी तिथेच ओसरेल. रिपोर्ट, लस, प्रवासाचा पास असल्या चौकशा जिवाच्या नंबरावर येऊच देऊ नका. इटलीत लोम्बार्डीनं साथ आल्या आल्या चौकशीसाठी वेगळा मोफत नंबर काढला होता.

पत्र्यामारुती
वेगळा नंबर! १०४ सल्ल्याचा, १०८ गाडीचा, १०७५ केंद्राचा, वर महापालिकेचे निराळे, जिल्ह्याचे निराळे. नंबर कमी नव्हते हो, जास्त होते. म्हणून तर माणूस सगळेच लावत सुटायचा. आणि परदेशाचे दाखले नकोत. इंग्लंडच्या १११ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरावर मार्च २०२० मध्ये तीसेक लाख फोन आले, त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी वाट बघून ठेवून दिले. त्यांची तर फोनऐवजी भरायची ऑनलाइन प्रश्नावलीही होती. दंड नको तर नको, पण लोकांना थोडी शिस्त लागायला काय हरकत आहे?

फोनवरची_ताई
मी दोन्ही लाटांत एका मदत क्रमांकावर बसत होते. कुठल्या ते सांगत नाही. दंड हा मूर्खपणा आहे, पण सिंहगडरोडींनी लोकांना संतही करू नये. एक गृहस्थ रोज रात्री विचारायचे, "आज किती झाले?" आकडे हवे असायचे त्यांना. एका बाईंना कामवालीला घरात घ्यावं की नाही, हे आमच्या तोंडून हवं होतं.

पण यांना अर्ध्या मिनिटात वाटेला लावता येतं. वेळ जायचा तो पत्त्यात. "कुठे राहता?" "मारुतीच्या देवळामागे." पुण्यात! कुठल्या मारुतीच्या विचारलं की चिडतात, "तुम्ही पुण्याच्या नाही का?" २०२० मध्ये रस्त्यारस्त्यांवर पत्रे ठोकले होते, तेव्हा तर गाडी कुठल्या तोंडानं आत शिरेल तेही विचारावं लागायचं. तीन मिनिटांचा फोन पाच मिनिटांवर गेला की तुमच्या २०० चे १२० होतात. मांडा आता गणित.

शनिवारपेठी
पत्ता सांगता येत नाही म्हणे! घर क्रमांक आणि पेठ, एवढ्यावर टपाल पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट येतंय आमच्याकडे. फोन घ्यायला बाहेरची माणसं बसवली की मारुतीवर अडतं. त्यापेक्षा त्या नव्या सोसायट्यांची नावं बघा. स्पॅनिश की इटालियन तेही कळत नाही, आणि एकाच बिल्डरच्या एकाच नावाच्या तीन, फक्त शेवटचं शेपूट वेगळं. तिथे चुकते गाडी.

बाणेरवासी
आमच्याकडे निदान दारापर्यंत येते. तुमच्या बोळात स्ट्रेचर वळत नाही. आमच्या मामांना वाड्याच्या लाकडी जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवावं लागलं होतं.

शनिवारपेठी
उतरवायला शेजारी धावले ना? तुमच्याकडे वॉचमननं गाडी गेटवर अडवून रजिस्टरमध्ये एंट्री मागितली असती.

बाणेरवासी
मागायचेच. पण वॉचमनचा काय दोष, कमिटीचं पत्रक होतं तसं.

शनिवारपेठी
झालं तर मग. पत्रक काढणारे आता अंगठे देतायत.

कर्वेरोड
नातेवाइकांना फोन लावताना आधी ऐकावी लागणारी ती कोरोनाची ट्यून विसरलात का? श्वास लागलेल्या माणसाचा भाऊ 'लस घ्या' ऐकत उभा. लस तरी कुठे होती? मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही यावरून सरकारला सुनावलं होतं.

वाघोलीकर
तुमचं पेठ विरुद्ध बाणेर झालं असेल तर बोलतो. आमचा पत्ता फोनवर अगदी नीट कळायचा, तीच अडचण होती. वाघोली महापालिकेत आली जून २०२१ च्या शेवटी, २३ गावांतली एक म्हणून. त्याआधी एप्रिलमध्ये वडिलांना दम लागला. फोन लागला, सगळं सांगून झालं, तर "तुम्ही आमच्या हद्दीत नाही, ग्रामीणला करा." ग्रामीणला केला तर, "हॉस्पिटल शहरातलं हवंय ना? मग शहराला करा." शेवटी भाच्यानं टेम्पोत घालून नेलं. वडील वाचले, म्हणून इथे भांडायला सवड आहे. दोन महापालिका, तीन कॅन्टोन्मेंट, वर जिल्हा परिषद. प्रत्येकाचा फोन वेगळा आणि नकाशाही.

निवृत्त_औंध
सगळे फोनच्या मागे का लागलात? १०८ चा अख्ख्या राज्याचा नियंत्रण कक्ष आमच्या औंधात आहे, २०१४ पासून. गाड्या तेव्हा ९३७, त्याही पूर्ण महाराष्ट्राला. समजा फोन पहिल्या रिंगला उचलला आणि गाडी लगेच निघाली. नेणार कुठे? बेड नसेल तर गाडी पेशंटसकट हॉस्पिटलच्या दारात उभी, म्हणजे पुढच्या फोनला ती नाहीच. माणसं वाढवून तुम्ही फक्त 'नाही' जास्त वेगानं ऐकवाल.

सिंहगडरोडी
वेगानं ऐकवलेलं 'नाही' हेच तर हवं होतं! रात्री पहिल्या फोनलाच कळलं असतं की शहरात व्हेंटिलेटर नाही, तर लोक साताऱ्याकडे, नगरकडे निघाले असते. आम्ही मेव्हण्यासाठी पहाटेपर्यंत 'आपण रांगेत आहात' ऐकत बसलो. त्यापुढचं इथे लिहीत नाही.

फोनवरची_ताई
औंधकाका, बेडबद्दल तुम्ही म्हणता ते खरं. पण मुंबईनं जून २०२० मध्ये काय केलं बघा. २४ वॉर्डांत २४ वॉर रूम, आणि लॅबचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आधी पालिकेकडे. पेशंट फोन करायच्या आत वॉर्डातून त्यालाच फोन. कुणाला बेड हवा, कुणी घरी राहू शकतो, हे तिथेच ठरायचं. अर्धे फोन मुळात होतच नाहीत मग.

पत्र्यामारुती
मुंबईचं कौतुक, तेही पुण्यात. बरं बाई, मान्य. वॉर्डातल्या माणसाला मारुती कुठला ते विचारावं लागत नाही, हे एक आहे.

शनिवारपेठी
म्हणजे पेठेतला माणूस फोनवर बसवा. मी वेगळं काय म्हणत होतो?

निवृत्त_औंध
२४ रांगा केल्या की एका वॉर्डात लोक ताटकळतात आणि शेजारच्या वॉर्डातला माणूस माशा मारत बसतो. रांग एकच असली की सगळ्यांनाच कमी थांबावं लागतं. फोन एका ठिकाणी उचला, नाव-नंबर घेऊन वॉर्डाकडे सोपवा आणि पेशंटला वॉर्डानं फोन करू दे. एवढं केलंत तर फोनचं तुमचं म्हणणं मानतो. बेडचं माझं तुम्ही माना.

सिंहगडरोडी
मानलं. दंडवाल्यांना हे कळेल तेव्हा कळेल.

वाघोलीकर
आणि सोपवताना हद्द विचारू नका, पिनकोड विचारा. ४१२२०७ म्हटलं की वाघोलीची बाजू, ४११०३० म्हटलं की पेठा. कागदावर आम्ही कुणाचे ते नंतर बघा.

शनिवारपेठी
४११०३० मध्ये सदाशिव पण येते. आम्हाला त्यांच्यात घालायचं कारण नाही.