साडेदहाच्या गप्पांसाठी नवा माणूस निवडायचाय, कुणाला बसवू?

कात्री_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका लोकल केबल वाहिनीत मी एडिटिंग करतो. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेदहाला आमचा गप्पांचा कार्यक्रम असतो. एक सोफा, एक खुर्ची, मागं रंकाळ्याचा फ्लेक्स. पाहुणा कुणीही असतो: तालमीतले वस्ताद, गुऱ्हाळवाले, पेठेतल्या संघाचा गोली, हुपरीचे चांदी कारागीर. एकदा गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन येणारे काका आले होते. रेकॉर्डिंग संध्याकाळी सातला, तरी ते जांभया देत होते, कारण त्यांचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. जांभया मी कापल्या.

नऊ वर्षं हा कार्यक्रम एकाच माणसानं चालवला. आम्ही त्यांना सर म्हणतो. सर दिवाळीनंतर मुलाकडं पुण्याला राहायला चाललेत. मालकांनी त्यातच आणखी एक ठरवलंय. आता रेकॉर्डिंग बंद, कार्यक्रम थेट लाइव्ह, टीव्हीवर आणि यूट्यूबवर एकदमच.

तिघांची ट्रायल घेतली. तिघांनाही पाहुणा तोच दिला, खासबागेत नाव काढलेले एक जुने वस्ताद. तिन्ही दिवस ते तोच फेटा बांधून आले.

पहिला रीलवाला पोरगा. फॉलोअर दोन लाखांवर, येताना स्वतःची रिंगलाइट घेऊन आला. वस्तादांना विचारलं, "तुमचं डाएट काय?" वस्ताद थंडाई कशी घोटायची ते सांगायला लागले, तर ह्याचं लक्ष मॉनिटरमधल्या स्वतःच्या केसांकडं. दर तिसऱ्या वाक्याला "नाद खुळा".

दुसरा शाहू स्टेडियमवर फुटबॉलचं निवेदन करणारा. आवाज खणखणीत, अडत नाही. पण मॅचच्या निवेदनात गप्प बसणं हा गुन्हा असतो, ती सवय इथंही घेऊन आला. आमच्याकडं दोघांच्या कॉलरला वेगवेगळे माइक असतात, एडिटिंगच्या स्क्रीनवर आवाजाच्या दोन पट्ट्या दिसतात, वर पाहुणा, खाली विचारणारा. ह्याची पट्टी म्हणजे नुसती करवत, दात संपतच नाहीत. मात्र मध्येच लाइट गेली, जनरेटर सुरू व्हायला पाऊण मिनिट गेलं. कॅमेरे बॅटरीवर होते. त्या काळोखात हा म्हणाला, "वस्ताद, मध्यंतर झालंय, जाग्यावरनं हलू नका." वस्ताद म्हणाले, "अंधारात पट काढू नको म्हणजे झालं." पाच मिनिटं स्टुडिओ हसत होता.

तिसऱ्या कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम. बारा पानं प्रश्न लिहून आणलेले, नजर कागदावर. पण एक झालं. त्यांनी विचारलं, "मोठी कुस्ती मारली त्या दिवशी घरी कसे गेलात?" वस्ताद गप्प. मॅडमही गप्प. मी मोजले, नऊ सेकंद. मग वस्ताद बोलले. बक्षिसाची म्हैस टेम्पोत चढेना, म्हणून खासबागेतनं कागलपर्यंत रात्रभर तिला चालवत नेली. वाटेत दोनदा तीच पुढं आणि हे मागं. हे त्यांनी आधीच्या दोघांना सांगितलंच नव्हतं.

मालकांचा कल पहिल्याकडं आहे, प्रायोजकही त्यालाच धरून आहेत. माझं मत विचारलंय, बहुतेक रीत म्हणून. तुम्ही कुणाला बसवाल?

खासबाग_कट्टा

भावा, पहिला गडी नकोच. रील बघायला मोबाईल आहे की. जाळ अन् धूर संगट काढणारी पोरं गल्लीगल्लीत पडल्यात.

आणि खरं सांगू का, सरांच्या जागी कोणच बसणार नाही. आमच्या घरात तुमचा कार्यक्रम एकाच गोष्टीसाठी लागायचा. पाहुणा बोलता बोलता अडला की सर काय बोलायचे नाहीत, नुसते त्याच्याकडं बघत बसायचे. आमचा म्हातारा म्हणायचा, बघ, ह्याला म्हणायचं ऐकणं. असला माणूस हुडका, न्हाईतर बंद करा.

कात्री_कोल्हापूर

पहिली गोष्ट, भावा नव्हे, ताई. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात हे तुम्ही विसरलात होय?

दुसरी गोष्ट सांगणार नव्हतो, पण तुमच्या वडिलांचं वाचून राहवेना. ते गप्प बसणं सरांचं नाही, माझं आहे.

सर माणूस म्हणून सोनं. पहिल्या पगाराआधी मला फीसाठी पैसे दिलेत त्यांनी. पण सोफ्यावर बसले की त्यांना धीर नसतो. पाहुण्यानं श्वास घेतला की हे "हां हां, म्हणजे थोडक्यात" करून त्याचं वाक्य स्वतःच पुरं करतात. मी काय करायचो, खालच्या पट्टीतलं त्यांचं बोलणं काढून टाकायचो आणि त्या जागेवर त्यांचा चेहरा लावायचो. चेहरा कुठला? रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी दोन नंबरचा कॅमेरा चालू असतो तेव्हाचा. पाहुण्याच्या पाठीमागं दार आहे, त्यातनं चहा येतो. ती जी खोल नजर तुम्ही नऊ वर्षं बघितली, ती बऱ्याच वेळा चहाची वाट बघत होती.

वडिलांना सांगू नका.

म्हणून लाइव्हची धास्ती आहे. तिथं माझी कात्री चालणार नाही. जो बसेल त्याला खरंच ऐकावं लागणार.

रस्सापती

ताई, मिसळवाल्याला बसवा. त्याच्याकडं कट कितीही मिळतो.

जर्सीकर

मी मूळचा राजारामपुरीचा, आता न्यू जर्सीत. इथल्या रात्रीच्या शोंचं मला वेड आहे, त्यामुळं थोडं लांबेल.

खुर्ची कुणाला द्यायची ह्यावरून इथं महाभारतं झाली आहेत. 'टुनाइट शो' जॉनी कार्सननं १९६२ ते १९९२, तीस वर्षं चालवला. तो गेल्यावर एनबीसी वाहिनीनं जागा जे लेनोला दिली. कार्सनच्या मागोमागचा शो दहा वर्षं करणारा डेव्हिड लेटरमन हात चोळत बसला नाही, १९९३ ला सीबीएस ह्या दुसऱ्या वाहिनीवर जाऊन समोरासमोर दुकान थाटलं. पुढं एनबीसीनं शहाणपणा करायचा ठरवला. २००४ मध्येच जाहीर केलं की २००९ ला लेनो जाणार आणि कोनन ओब्रायन येणार. पाच वर्षं आधी! आणि वेळ आल्यावर काय केलं, तर लेनोला सोडलंच नाही, त्याला रात्री दहाचा रोजचा शो दिला. घरातला मोठा गल्ल्यावरनं उठला, पण दुकानाच्या पायरीवरच बसून राहिला. दहाला माणसं टिकेनात, तशी अकराच्या स्थानिक बातम्यांची गळती झाली आणि गावोगावची स्टेशनं बोंब मारायला लागली. मग कोननचा शो बारा वाजून पाच मिनिटांनी ढकलायचा बेत निघाला. त्यानं नकार दिला. सात महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, तो बाहेर आणि लेनो परत आत. म्हणून सांगतो, सरांना हार-श्रीफळ देऊन नीट निरोप द्या. 'महिन्यातनं एकदा सरांचा खास भाग' असलं काही मालकांच्या डोक्यात येत असेल तर आत्ताच काढून टाका.

हाच कोनन १९९३ मध्ये लेटरमनच्या जागी आला तेव्हा पडद्यावर त्याला कुणी ओळखत नव्हतं. विनोद लिहिणारा माणूस, वय तीस. सुरुवातीला इतका डगमगला की वाहिनी त्याला तेरा तेरा आठवड्यांची मुदतवाढ देत होती. तो सोळा वर्षं टिकला. पहिल्या महिन्यात कुणाला हाकलू नका.

तुमच्याजवळचं उदाहरण मात्र 'लेट लेट शो'चं. २००४ मध्ये क्रेग किलबॉर्न सोडून गेला, तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या लोकांना खरंच खुर्चीवर बसवून, खरे भाग करून बघितलं. शेवटी चौघे उरले, त्यातनं क्रेग फर्ग्युसन निवडला. स्कॉटलंडचा माणूस, उच्चार जाडाभरडा. पण पाहुणा बसला की तो प्रश्नांची कार्डं टराटरा फाडायचा आणि मग बोलायला लागायचा. तुमच्या मॅडमच्या बारा पानांवरनं तेच आठवलं.

फक्त ट्रायल लांबवू नका. 'डेली शो'तनं ट्रेव्हर नोआ २०२२ च्या शेवटी गेला, वर्षभर पाहुणे सूत्रसंचालक फिरवले, ठरेना. २०२४ ला जुना जॉन स्ट्यूअर्टच सोमवारी परत आणावा लागला, बाकीचे दिवस वार्ताहर वाटून घेतात.

आणि लाइव्हचं भूत उतरवा. इथले हे शो बहुतेक संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड होतात आणि रात्री दाखवतात. सलग करायचं, फार कापायचं नाही, एवढंच. तुम्हीही आधी काही भाग तसे करून बघा.

सासूबाईंचा_रिमोट

२००७ ला करोडपतीत बच्चन जाऊन शाहरुख आला, तेव्हा आमच्या सासूबाईंनी "पोरगं गोड आहे" म्हणत चार दिवस बघितलं आणि मालिकेवर गेल्या. २०१० ला बच्चन परत आले तशा त्याही परत आल्या. पण २०१९ ला मराठी करोडपतीत नागराज मंजुळे बसले, तेव्हा त्यांनी एकदाही तुलना केली नाही. का, तर ते बच्चनसारखं बोलायला गेलेच नाहीत. समोरच्याशी पारावर बसल्यासारखं बोलायचे. कोणालाही बसवा, सरांची नक्कल करणारा नको. तसंही सरांची नक्कल म्हणजे तुमचीच नक्कल निघाली की!

माझं मत मॅडमना. रात्री साडेदहाला बायकांचं काम संपलेलं असतं, तेव्हा तरी कुणी बाई बोलताना दिसू दे.

भट्टीवाला_शिरोली

सगळे दिसण्यावर बोलतायत. मी फौंड्रीत रात्रपाळीला असतो, मोल्डिंगला. तुमचा कार्यक्रम मी बघत नाही, जेवणाच्या सुट्टीत एका कानात इअरफोन घालून ऐकतो. आमच्यातले आठ-दहा जण तसेच. शेड कधी शांत नसते. सरांचा आवाज त्यातनं पोचायचा, फुटबॉलवाल्याचाही पोचेल. मॅडमचा आवाज बारीक असला तर आम्हाला नुसते वस्तादच ऐकू येणार. आणि ते नऊ सेकंद गप्प बसणं आम्हाला कसं कळणार? आम्ही समजणार रेंज गेली.

कात्री_कोल्हापूर

भट्टीवाले दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रोज मोठ्या स्क्रीनवर पट्ट्या बघत बसतो, तुम्ही अंधारात ऐकताय.

मालकांशी बोललो. जर्सीकर, तुमचं लेनो-पुराण त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे आपल्या भाऊबंदकीसारखंच." सरांचा खास भाग खरंच त्यांच्या डोक्यात होता, तो रद्द झाला. लाइव्ह महिनाभर पुढं ढकललं. तोवर मंगळवार फुटबॉलवाल्याचा, शुक्रवार मॅडमचा, सलग रेकॉर्डिंग, मी एक फ्रेमही कापायची नाही. रीलवाल्याला प्रोमो दिलेत, त्यात तो खरंच भारी आहे.

मंगळवारचा भाग झाला. पाहुणे गुऱ्हाळवाले. फुटबॉलवाल्याला मी आधी एकच सांगितलं, पाहुणा बोलताना बॉल त्याच्या पायात आहे असं समज. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग काकवीच्या विषयावर स्वतःच गोल मारून आला.

शुक्रवारसाठी मॅडमची बारा पानं होती. त्यातली अकरा मी चहाच्या ट्रेखाली ठेवली आणि सापडत नाहीत म्हणून सांगितलं. माइक नेहमीपेक्षा दोन बोटं वर लावला. पाहुण्याच्या मागचं दार रेकॉर्डिंगभर बंद ठेवायचं, चहा आता आधीच द्यायचा. मॅडम सहा सेकंद गप्प बसल्या एके ठिकाणी, मी तसंच ठेवलंय.

भट्टीवाले दादा, भाग आज साडेदहाला आहे. पाळीवर असाल तर एका कानानं ऐकून सांगा, त्या सहा सेकंदांत रेंज गेल्यासारखं वाटतंय का?