कोल्हापूर, किरणोत्सवाचे दिवस : सहा जण, दोन शाकाहारी, दिवस कसे बसवायचे?

गोदाकाठ (प्रश्न)

३० जानेवारीला रात्री नाशिकहून गाडीने कोल्हापुरात पोचतोय, २ फेब्रुवारीला दुपारी परत. आम्ही दोघं, ७ आणि ११ वर्षांची मुलं, आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. आई-बाबा शुद्ध शाकाहारी, आईचे गुडघे दुखतात. आम्हा बाकीच्यांना तांबडा-पांढरा हवाच. अंबाबाईचा किरणोत्सव याच दिवसांत असतो असं वाचलं. तो नक्की कुठून दिसतो, किती वाजता? मिसळ, दूध कट्टा, एखादी फुटबॉल मॅच आणि जमलं तर नाटक, एवढं सगळं यात बसेल का? हॉटेलांची लांबलचक यादी नको, कशानंतर काय करायचं ते सांगा.

---

पश्चिम_दरवाजा

किरणोत्सवाचं आधी ठरवा, कारण त्याचीच वेळ तुमच्या हातात नाही.

मंदिर पश्चिमाभिमुख आहे, पण या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्या तिरक्या रेषेत महाद्वार, गरुड मंडप आणि गाभारा एका ओळीत येतात. वर्षातून हे दोनदा जमतं : ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. २१-२२ डिसेंबरपासून मागे-पुढे एकेचाळीस-बेचाळीस दिवस मोजा, दोन्ही तारखा मिळतील. परंपरेने पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर किरण, असं सांगतात. अलीकडे एखादा दिवस मागे-पुढेही किरण पोचतात, म्हणून हल्ली पाच दिवस निरीक्षण करतात.

पाहायला येणाऱ्यांचा एक घोळ होतो. साडेपाचला मंडपाच्या फरशीवर ऊन दिसलं की त्यांना वाटतं, झालं. खरी गंमत नंतर असते. सूर्य जसा खाली जातो तशी तिरीप आडवी होत जाते आणि आत वर वर चढते. फरशी, मग उंबरा, मग देवीचे चरण, गुडघे, कंबर. मूर्तीवरचा भाग सव्वासहाच्या आसपास, तोही थोड्या मिनिटांचा. सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराला असतो. म्हणजे मुखापर्यंत जाणारी किरणं ही सूर्य क्षितिजाला जवळजवळ टेकतानाची, सगळ्यात मिणमिणती. पश्चिमेला नुसता धुरकटपणा असला तरी किरणं कमरेपाशी विरून जातात. आभाळ डोक्यावर निरभ्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका, क्षितिज बघा. महाद्वार रोडच्या बाजूची उंच बांधकामं, पाण्याच्या टाक्या आणि फलक हा दुसरा अडथळा, त्यावरून दरवर्षी चर्चा होते.

आता प्रत्यक्ष. गाभारा लहान आहे आणि आतले दिवे मालवलेले असतात. समोर जागा मिळणारे मोजकेच, बाकी सगळे आवारातल्या पडद्यावर बघतात. उभं कुठे राहायचं ते मंदिर प्रशासन ठरवतं, त्यात वशिला शोधत बसू नका. आईंना संध्याकाळच्या गर्दीत दोन तास उभं करण्यापेक्षा त्यांचं दर्शन पहाटे सहा-साडेसहाला उरकून घ्या. आणि तीनही संध्याकाळी तिथे घालवायची गरज नाही. ३१ला आभाळ चांगलं असेल तर ३१लाच पाहा, १ तारीख राखीव ठेवा.

गाडी मंदिरापर्यंत जात नाही. बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये लावा, तिथून आठ-दहा मिनिटं चालत. शनिवार-रविवार आला तर सकाळी नऊनंतर ते भरतं, मग दसरा चौकाकडे वळा. आईंसाठी बिंदू चौकातून रिक्षा.

---

कटाचा_माणूस

खाण्याचं मी सांगतो. पहिला नियम, मिसळ ही सकाळची गोष्ट आहे. उद्यमनगरात फडतरे, कसबा बावड्यात बावडा मिसळ, कुठेही जा, पण साडेआठ-नऊला जा. साडेअकरानंतर रांग असते किंवा कट (मिसळीचा तिखट रस्सा) संपत आलेला असतो, आणि तळाचा कट सकाळच्या कटासारखा लागत नाही. वरची तर्री आधी आलेल्यांनी नेलेली असते, खाली मसाल्याचा गाळ उरतो.

इथे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, लादीपाव नाही. नाशिककरांना आधी खटकेल, पण कट ब्रेडच शोषतो. ब्रेड बुडवून ठेवू नका, लगदा होतो. तुकडा तोडून, टेकवून, लगेच तोंडात. कट पुन्हा मिळतो, म्हणून आधीच सगळा ओतू नका. मुलांसाठी मटकी-फरसाण कोरडं मागा, कट वाटीत वेगळा, वर दही. आई-बाबांनाही असंच झेपेल.

मटणाचं गणित वेगळं. कोल्हापुरात घरोघरी बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार. खानावळीत रोज मिळतं, पण या तीन दिवशी उठाव जास्त, म्हणून माल ताजा. जेवायला दुपारी साडेबाराच्या आत किंवा रात्री आठच्या आत पोचा. ताटात सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी किंवा चपाती, कांदा-लिंबू आणि शेवटी भात असतो. रस्सा मागाल तेवढा वाढतात बहुतेक ठिकाणी, पण बसल्या बसल्या विचारून घ्या.

आधी पांढरा प्या, मग तांबडा. उलटं केलंत तर पांढऱ्यातला नारळ आणि खसखस जिभेला कळणारच नाही. मुलांना अळणी मागून बघा : मटण शिजवलेलं पाणी, तिखट नाही. अळणी-भात मुलं बिनतक्रार खातात.

शाकाहारी दोघांसाठी अख्खा मसूर आणि भाकरी. तो कोल्हापूर-सांगली पट्ट्यातलाच पदार्थ आहे, तडजोड नाही. 'तिखट कमी' एवढंच सांगून भागत नाही, कारण चटणी आधीच पडलेली असते. वर तडका नको आणि बरोबर दही द्या, असं सांगा. (इथे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. बाजारात चटणी मागितलीत तर ओली चटणी कोणी देणार नाही.) जिथे एका भटारखान्यात मटणही शिजतं तिथे आई-बाबांना चालणार का, हे आधीच ठरवा. चालणार नसेल तर दोन ठिकाणी जेवा आणि नंतर कॉकटेल आइस्क्रीमला एकत्र भेटा. दोन-तीन प्रकारचं आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली, सुकामेवा एका ग्लासात. तांबड्यानंतर यासारखं औषध नाही.

संध्याकाळी काही चटपटीत हवं असेल तर खासबागला राजाभाऊंची भेळ. किरणोत्सव आटोपून चालत जाता येतं.

---

तालमीचा_पोरगा

फुटबॉलवाले, इकडे या.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो, त्यामुळे तुमच्या तारखा बरोबर मध्यात पडतात. सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर. सामन्याच्या दिवशी बहुधा दोन असतात, एक दीड-दोनला, दुसरा चारला. वेळापत्रक आदल्या दिवशीच्या स्थानिक पेपरात बघा, महिनाभर आधी छापलेलं धरून चालू नका.

कोण खेळतंय यावर सगळं आहे. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असेल तर अर्धं शहर तिथे असतं. मुलं घेऊन गेलात तर समर्थकांच्या घोळक्यापासून लांब, गॅलरीच्या कडेला बसा आणि शेवटची पाच मिनिटं सोडून बाहेर पडा. दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस यांच्यातले सामने मुलांना दाखवायला जास्त बरे. टोपी आणि पाणी न्या, दीडच्या सामन्यात ऊन तोंडावर येतं.

आणि हो, चारचा सामना आणि त्याच दिवशीचा किरणोत्सव एकत्र धरू नका. सामना सुटेपर्यंत पावणेसहा, मग गर्दी, मग रिक्षा, मग आत जायची रांग. दीडचा बघा.

नाटकाचं : केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत जळालं. शाहू महाराजांनी १९१५च्या सुमारास पूर्ण केलेली वास्तू, मूळ नाव पॅलेस थिएटर. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री गेलं, हे अजून बोचतं. दौऱ्याच्या जाहिरातीत कुठलं सभागृह छापलंय ते नीट वाचूनच तिकीट काढा. गाण्याची बैठक हवी असेल तर गायन समाज देवल क्लब, आणि व्याख्यानं-प्रदर्शनांसाठी दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन. नाट्यगृहाला लागूनच खासबाग कुस्ती मैदान आहे. कुस्त्या नसल्या तरी मुलांना आत नेऊन मातीचा हौदा आणि भोवतीची उतरती बैठक दाखवा. मधे खांब नाही, कुठूनही आखाडा दिसतो.

---

गोदाकाठ

एकदम कामाचं. म्हणजे ३१ : पहाटे दर्शन, नऊला मिसळ, दुपारी आराम, संध्याकाळी किरणोत्सव. १ तारखेला दुपारी मटण, दीडची मॅच असेल तर ती. दोन शंका. दूध कट्ट्यावर मुलांना कच्चं दूध द्यावं का? आणि पांढरा रस्सा आमच्याकडे दरवेळी फाटतो, का?

---

पश्चिम_दरवाजा

बेतात एकच दुरुस्ती. १ तारीख किरणोत्सवाची राखीव आहे, त्यामुळे मॅचनंतर थेट रंकाळा तलावावर जाऊ नका, पाचला आभाळ बघून ठरवा.

दूध कट्टा गंगावेशीत, सकाळी आणि संध्याकाळी. म्हैस समोर उभी असते, धार थेट ग्लासात, वर दोन बोटं फेस. बघायला सगळ्यांना न्या. पण हे न तापवलेलं दूध आहे. शहरात पिशवीच्या दुधावर वाढलेल्या मुलांचं आणि सत्तरीतल्यांचं पोट बिघडू शकतं, कच्च्या दुधातून जंतुसंसर्गही होतो. त्या चौघांना नको. लिटरभर विकत घ्या, मुक्कामी उकळून द्या. साय बघूनच मुलं खूश होतील.

---

कटाचा_माणूस

रस्सा फाटतो तो नारळाचं दूध घातल्यावर उकळल्यामुळे. दुसरं कारण लिंबू किंवा दही लावलेलं मटण, त्या आंबट पाण्यात दूध टिकत नाही.

सहा जणांना : ७५० ग्रॅम मटण हाडांसकट, आलं-लसूण आणि मीठ लावून दीड लिटर पाण्यात शिजवा. हळद घालू नका, नाहीतर पांढरा पिवळा होतो. सव्वा लिटर अळणी गाळून घ्या, त्यातलं मटण सुक्याला. एका मोठ्या नारळाचं पहिलं घट्ट दूध एक वाटी, दुसरं पातळ दीड वाटी, वेगवेगळं ठेवा. एकेक चमचा खसखस आणि पांढरे तीळ, ८-१० काजू, अर्धा तास भिजवून गंधासारखं वाटा. भरड राहिलं तर ते तळाला बसतं आणि वर नुसतं पाणी दिसतं.

तुपात दालचिनीचे दोन तुकडे, ४ लवंगा, ६ मिरे, २ वेलदोडे आणि मोडलेल्या दोन हिरव्या मिरच्या परता. त्यात वाटण मंद आचेवर दोन मिनिटं, रंग बदलायच्या आत अळणी ओता. उकळी आली की पातळ दूध, पाच मिनिटं बारीक गॅस. घट्ट दूध अगदी शेवटी, गॅस बंद करण्याच्या मिनिटभर आधी, सतत ढवळत. कडेला बारीक बुडबुडे दिसले की बंद. झाकण ठेवू नका, आणि परत गरम करायचा झाला तर भांडं उकळत्या पाण्यात धरा.

---

काकवी

उशिरा आले, पण गुऱ्हाळ कोणीच सांगितलं नाही! हंगाम चालू असतो, शहराबाहेर पडलं की नदीकाठच्या गावांत धूर दिसतो. सकाळी गेलात तर काहिलीतला (मोठ्या कढईतला) रस उकळताना, भेंडीचं पाणी टाकून मळी वर काढताना मुलांना दिसेल. मुलांना काहिलीपासून चार हात लांब ठेवा, रस उडतो आणि चिकटून भाजतो. काकवी तिथेच बाटलीत भरून घ्या, घरून कोरडी काचेची बाटली न्या; ओलसर असली तर आंबते.

गूळ घेताना पिवळाधमक शोधू नका, तो रंग बहुतेक वेळा रसायनाने आणलेला असतो. तपकिरी घ्या. ३० किलोचा रवा (मोठी ढेप) मिरवायला ठीक, तुम्हाला एक किलोच्या ढेपा पुरेत. पावसाळ्याच्या आत संपवा, दमट हवेत गुळाला पाणी सुटतं. २ तारखेला निघताना तावडे हॉटेलच्या नाक्यावरून हायवेला लागायच्या आधी हे उरका, नंतर मागे वळायचा कंटाळा येतो.